जेएलपीटी : परीक्षा कान-डोळ्यांची, पगार तोंडाचा

जपानी भाषेची जगात सगळ्यात जास्त चालणारी परीक्षा देताना उमेदवाराला एकदाही तोंड उघडावं लागत नाही. लिहावंही लागत नाही. नाव आणि क्रमांक सोडला तर एचबी पेन्सिलने गोल काळे करायचे, बस्स. पुण्या-मुंबईत जपानीच्या वर्गात पाऊल टाकलेला माणूस मात्र हिरागाना ही पहिली अक्षरमाला गिरवून व्हायच्या आत विचारतो, "एन-कितीला बसू? कुठल्या लेव्हलला नोकरी लागते?" प्रश्न रास्त आहे. पण परीक्षा काय मोजते आणि कंपनी पैसे कशाचे मोजते, यात बरंच अंतर आहे. क्लासच्या माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.

जेएलपीटी, म्हणजे ‘निहोंगो नोऱ्योकु शिकेन’ (जपानी भाषा-क्षमता परीक्षा), १९८४ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी १५ देशांत मिळून साधारण ७,००० जण बसले होते. २००९ पर्यंत पातळ्या चार होत्या. तिसरीवरून दुसरीवर जाताना मधली पायरीच नव्हती आणि मुलं तिथे वर्षानुवर्षं अडकायची. म्हणून २०१० मध्ये त्या दोन्हींच्या मधोमध एन३ घातली आणि एन५ (सगळ्यात सोपी) ते एन१ (सगळ्यात अवघड) अशा पाच पातळ्या झाल्या. भारतात परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. महाराष्ट्रातली केंद्रं मुंबई आणि पुणे. पुण्यात ती जाल्टॅप ही जपानी भाषेच्या शिक्षकांची संघटना घेते.

गुणांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण नापास होणाऱ्यांतले बरेच जण इथेच फसतात. एकूण गुण १८०. पास व्हायला एन५ला ८०, एन४ला ९०, एन३ला ९५, एन२ला ९० आणि एन१ला १०० लागतात. पण तेवढ्याने भागत नाही, प्रत्येक विभागाचा स्वतंत्र उंबरठा आहे. एन३पासून वर भाषाज्ञान (शब्द आणि व्याकरण), वाचन आणि श्रवण असे ६०-६० गुणांचे तीन विभाग असतात आणि प्रत्येकात किमान १९ हवेतच. एन५-एन४ला भाषाज्ञान आणि वाचन एकत्र धरतात, त्यात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९. म्हणजे एन३ला कुणाला एकूण ११८ मिळाले, पण श्रवणात १८, तर तो नापास. अर्ध्या-एका गुणाची ग्रेसबिस काही नाही.

दुसरं, हे गुण सरळ बेरजेचे नसतात. कोणता प्रश्न किती अवघड होता आणि उमेदवाराच्या उत्तरांची ठेवण कशी आहे, त्यावरून मोजपट्टी लावून गुण काढतात, म्हणजे जुलैचा पेपर सोपा गेला नि डिसेंबरचा कठीण, असा फरक पडू नये. त्यामुळे "माझे एवढे बरोबर होते, मग गुण एवढे कसे" या हिशेबाला अर्थ नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा ठेवू नका. गुणपत्रिकेत काही भागांपुढे ए, बी, सी अशी अक्षरं येतात. ए म्हणजे त्या भागातली ६७ टक्के किंवा जास्त उत्तरं बरोबर, सी म्हणजे ३४ टक्क्यांहून कमी. पुढचा अभ्यास कुठे करायचा ते एकूण आकड्यापेक्षा ही अक्षरं जास्त खरं सांगतात. डिसेंबर २०२५ पासून युरोपीय भाषा-चौकटीतली पातळीही संदर्भासाठी छापायला सुरुवात झाली आहे.

पेपर कुठे अडतो

एन५ ९० मिनिटांचा, एन४ ११५, एन३ १४०, एन२ १५५ आणि एन१ १६५. खालच्या तीन पातळ्यांना शब्दसंग्रह, व्याकरण-वाचन आणि श्रवण असे तीन तुकडे वेगवेगळ्या वेळेला होतात. एन२ आणि एन१ला मात्र शब्द, व्याकरण आणि वाचन एकाच पुस्तिकेत, सलग. एन२ला त्यासाठी १०५ मिनिटं आणि प्रश्न सत्तर-पंचाहत्तर. घात इथे होतो. पुस्तिका शब्दांनी आणि कांजींनी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांनी, सुरू होते, माणूस पहिल्याच पानावर "हा कांजी पाहिलाय कुठेतरी" करत बसतो आणि मोठे उतारे येतात तेव्हा हातात वीस मिनिटं उरतात. वाचनाचा १९चा उंबरठा चुकतो तो जपानी न येण्यामुळे नव्हे, घड्याळामुळे. एन२ला शब्द १५ मिनिटांत, व्याकरण २० मिनिटांत उरकून वाचनाला सत्तर मिनिटं राखावीत. शब्द आठवायचा असेल तर दहा सेकंदांत आठवतो, नाहीतर आठवतच नाही. वाचनात अगदी शेवटी जाहिरात किंवा माहितीपत्रक असतं, त्यात आधी प्रश्न वाचून मग मजकुरात शोधायला जायचं. तो मजकूर वरपासून खालपर्यंत वाचून काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत लोणच्यानेच पोट भरण्यासारखं.

श्रवण एकदाच ऐकवतात. पुन्हा नाही. इथल्या हुलकावण्या ठरलेल्या आहेत. एन५ला तारखा: ‘योक्का’ म्हणजे चार तारीख, ‘योओका’ म्हणजे आठ. पहिल्यात ‘क’च्या आधी श्वास अडतो, दुसऱ्यात ‘ओ’ लांबतो. तसेच ‘ओबासान’ (काकू) आणि ‘ओबाआसान’ (आजी), ‘बिरु’ (इमारत) आणि ‘बीरु’ (बिअर), ‘ब्योओइन’ (हॉस्पिटल) आणि ‘बियोओइन’ (ब्यूटी पार्लर). मराठी माणसाला वाटतं, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहेच की. आहे, पण कागदावर. बोलताना आपण ‘पाणि’ आणि ‘पाणी’त फरक करत नाही, त्यामुळे कान मुळात तयार नसतो. त्यासाठी ध्वनिफीत ऐकून लिहून काढायचा सराव लागतो, रोज दहा ओळी, अक्षरश: मात्रा मोजून.

दुसरी हुलकावणी अशी की पर्यायांतल्या सगळ्याच गोष्टींचा संवादात उल्लेख होतो. दूध, पाव, अंडी आणायचं ठरतं, मग बाई म्हणते, "आ, तामागो वा मादा आरिमासु", अगं, अंडी अजून आहेत. अंडी बाद. तिसरी वरच्या पातळ्यांना जास्त छळते. तिथे पर्यायसुद्धा छापलेले नसतात. एक वाक्य ऐकवतात आणि पाठोपाठ तीन उत्तरं. "चोत्तो सामुकु नाइ?" जरा थंडी वाजत नाही का? बरोबर उत्तर ‘हो, वाजते’ असं असेलच असं नाही. "जा, मादो ओ शिमेमाशो का", मग खिडकी लावू का, हेही असू शकतं. प्रश्नाच्या शब्दांना नव्हे, हेतूला उत्तर द्यायचं. हा भाग परीक्षेत उत्तम रचलेला आहे, आणि पुढे कामावर खरोखर उपयोगी पडेल असा बहुधा हाच.

सरावासाठी बाजारात डझनांनी पुस्तकं आहेत. पण २०१२ आणि २०१८ मध्ये निघालेले दोन अधिकृत प्रश्नसंच परीक्षेच्या संकेतस्थळावर ध्वनिफितींसकट फुकट मिळतात. आधी ते घड्याळ लावून सोडवा, मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. २०१० नंतर शब्दांची आणि कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. क्लास देतात त्या याद्या जुन्या चार पातळ्यांच्या अंदाजावर बेतलेल्या असतात: सगळ्यात खाली शंभरेक कांजी नि ८०० शब्द, त्यावर ३०० नि १,५००, मग १,००० नि ६,०००, आणि सगळ्यात वर २,००० नि १०,०००. अंदाज म्हणून ठीक, हमी म्हणून नाही.

मराठीची शिदोरी

क्लासमध्ये एक गैरसमज सर्रास दिसतो: जपानी व्याकरण इंग्रजीतून समजून घ्यायचं. का? मराठी हाताशी असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? वाक्याचा क्रम तोच, क्रियापद शेवटी. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. ‘नि’ बहुतेक वेळा ‘ला’. इंग्रजीतून शिकणारा ज्या क्रियापद-जोड्यांपाशी महिनाभर अडतो, त्या मराठीत जशाच्या तशा आहेत. ‘ताबेते मिरु’ खाऊन पाहणे. ‘काइते ओकु’ लिहून ठेवणे. ‘वासुरेते शिमाउ’ विसरून जाणे. ‘मोत्ते कुरु’ घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ घेऊन जाणे. ‘पाहणे’, ‘ठेवणे’, ‘जाणे’ हे आपापला मूळ अर्थ सोडून जे काम मराठीत करतात, तेच जपानीतही.

व्याकरणात सगळ्याच पातळ्यांना ताऱ्याचा प्रश्न असतो. चार तुकडे विस्कटून देतात, जुळवायचे आणि ताऱ्याच्या जागी कोणता आला ते सांगायचं. "आने गा त्सुकुत्ता केएकी" हे इंग्रजीतून जुळवायला गेलं की ‘केक, जो, ताई, केला’ असं उलटं सुटं करावं लागतं. मराठीत तो सरळ ‘ताईने केलेला केक’ आहे, बोट न उचलता. अगदी ‘आमे नि फुरारेता’ घ्या, पुस्तकात त्याला त्रासदर्शक कर्मणी असं भारदस्त नाव असतं. आपण म्हणतो, ‘पावसाने गाठलं’. आणि ‘त्सु’ उच्चार? ‘चुलता’मधला ‘च’ म्हणा, झालं. तो ‘चहा’मधला नव्हे, ‘चुलता’मधलाच.

मराठी दगा कुठे देते तेही सांगायला हवं. ‘देणे’ एकच आहे आपल्याकडे. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्याने मला दिलं तर ‘कुरेरु’. कर्त्यामागे येणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ यांतला फरक मराठीच्या कुठल्याच प्रत्ययावर टांगता येत नाही, तो वाचूनच अंगी मुरतो. कांजीत सारखी दिसणारी भावंडं आहेत: ‘वाट पाहणे’चा ‘मात्सु’ आणि ‘हातात धरणे’चा ‘मोत्सु’, उजवी बाजू हुबेहूब, फक्त डावीकडचा तुकडा वेगळा. दुसऱ्यात तो हाताचा असतो, हे ध्यानात ठेवलं की गोंधळ संपतो. वस्तूच्या आकाराप्रमाणे बदलणारे मोजायचे शब्द तर विचारूच नका. पेन्सिल ‘इप्पोन, निहोन, सानबोन’, कागद ‘इचिमाइ, निमाइ’. पण कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी आणि उसाची मोळी म्हणणाऱ्यांनी याबद्दल फार कुरकूर करू नये.

पातळी कोणती, कुणासाठी

एन५चं प्रमाणपत्र नोकरीच्या बाजारात जवळपास काहीच आणत नाही. जपानमधल्या भाषाशाळेत प्रवेश घ्यायचा असेल तर एन५ किंवा साधारण १५० तासांच्या अभ्यासाचा दाखला मागतात, तिथे कामाला येतं. शिवाय परीक्षेची धास्ती मोडायला बरी. एरवी सरळ एन४ला बसलात तरी बिघडत नाही.

एन४ला महत्त्व आलं ते एप्रिल २०१९ पासून, जपानने ‘तोकुतेइ गिनो’, म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगारांचा व्हिसा सुरू केल्यावर. भारताने त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये जपानशी करार केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, हॉटेल, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशा क्षेत्रांत जायला भाषेसाठी एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी जपानी परीक्षा, आणि त्याखेरीज त्या कामाची कौशल्यपरीक्षा. शुश्रूषेला त्याहून वेगळी भाषापरीक्षाही आहे. फक्त हाच मार्ग धरणाऱ्यांना जेएलपीटीपेक्षा जेएफटी-बेसिक सोयीची पडते. ती संगणकावर, तासाभराची, २५० पैकी २०० लागतात आणि निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. वर्षातून दोनच तारखांची वाट बघत बसावी लागत नाही. इथे एक कान टोचायलाच हवा: एन४ हा व्हिसाच्या अर्जातला एक कागद आहे, नोकरीचं पत्र नव्हे. प्रमाणपत्राच्या आधीच लाखांत पैसे मागून "जपानला पाठवतो" म्हणणारा भेटला, तर नेमकी कंपनी कोणती, काम कोणतं, पगार किती येन आणि त्यातून घरभाडं नि विमा किती कापणार हे लेखी मागा. लेखी मिळालं नाही तर चहा पिऊन परत या.

एन३ ही सगळ्यात जास्त लोक सोडून देतात ती पायरी. एन४पर्यंतची भाषा पाठ्यपुस्तकातली असते, एन३ला ती पहिल्यांदा वर्तमानपत्रासारखी, दोन ओळींच्या वाक्यांची होते. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत जपानी ग्राहकाच्या ई-मेलला उत्तरं देणं, चाचणीचे अहवाल वाचणं अशा कामांना एन३वर विचारणा होते. मात्र त्यासोबत दुसरं काहीतरी लागतं: कोडिंग, टेस्टिंग, हिशेब, यंत्रांचं ज्ञान. नुसत्या एन३वर जगणं कठीण.

खरा बाजार एन२ला उघडतो. दुभाषी, अनुवादक, जपानी ग्राहक आणि इथली टीम यांच्या मध्ये उभा राहणारा ब्रिज इंजिनिअर, या सगळ्यांच्या जाहिरातींत एन२ लिहिलेलं असतं. जपानच्या उच्च कौशल्य व्यावसायिक व्हिसाला ७० गुण लागतात. त्यात एन२चे १० आणि एन१चे १५. पात्रता काठावर असेल तर हे दहा गुण पारडं फिरवतात. एन१ मात्र सगळ्यांनी धरायचं उद्दिष्ट नाही. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्यांना जपानमधल्या परवाना-परीक्षेला बसायला एन१ लागतो. कायदेशीर, वैद्यकीय अनुवादाला आणि शिकवायला तो शोभतो. इंजिनिअरने एन२ झाल्यावर एन१मागे दोन वर्षं घालवण्याऐवजी तोच वेळ आपल्या विषयातली जपानी आणि बोलणं यावर घालवला, तर हिशेब जास्त फायद्याचा. यावर मतभेद होतील, होऊ देत.

परीक्षेत नसलेला पेपर

एन२ उत्तीर्ण माणूस पहिल्या मीटिंगमध्ये बसतो तेव्हा काय होतं ते पाहा. ग्राहक म्हणतो, "सोरे वा चोत्तो मुझुकाशी देसु ने." नवखा दुभाषी शब्दाला शब्द लावतो: ते जरा अवघड आहे. इकडचा मॅनेजर खूष, ‘अवघड आहे म्हणजे प्रयत्न करू, होईल.’ प्रत्यक्षात ग्राहकाने ‘नाही’ म्हटलेलं असतं. ‘केंतो शिमासु’, विचार करतो, हेही बऱ्याचदा त्याच वाटेवरचं. कंपनी दुभाष्याला पैसे देते ते हे ओळखण्याचे. चांगला दुभाषी इथे थांबून पुन्हा विचारतो: आत्ताच्या वेळापत्रकात अवघड की मुळातच?

शब्दांचं बघा. ‘शियो’ एवढंच कानावर पडलं, तर ते स्पेसिफिकेशन असेल, वापर असेल किंवा खासगी काम असेल. तिन्हींचे कांजी वेगळे, उच्चार एक. सॉफ्टवेअरच्या टेबलावर बहुधा पहिला अर्थ, गाडीच्या किल्लीच्या नोंदवहीत तिसरा. ‘नोकी’ (माल किंवा काम देण्याची मुदत), ‘मित्सुमोरी’ (कोटेशन), ‘फुगुआइ’ (बिघाड, बग), ‘फुऱ्यो’ (सदोष माल), ‘झुमेन’ (ड्रॉइंग), ‘झाइको’ (साठा) हे शब्द चाकण, तळेगाव, रांजणगाव किंवा अहिल्यानगरजवळच्या सुप्याच्या औद्योगिक पट्ट्यात पहिल्याच आठवड्यात लागतात आणि परीक्षेच्या पुस्तकांत ते एकतर उशिरा येतात किंवा येतच नाहीत. कारखान्यात ‘होरेनसो’ हा पहिला धडा असतो: अहवाल द्या, संपर्क ठेवा, सल्ला घ्या, या तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला शब्द. पालकाच्या भाजीलाही जपानीत ‘होरेनसो’च म्हणतात, त्यामुळे विसरायला होत नाही. मराठी कामगाराची सवय अशी की काम पूर्ण झालं की सांगायचं. जपानी साहेबाला अर्धं झालेलंही कळायला हवं असतं, आणि अडलेलं तर सगळ्यात आधी. भांडणं भाषेपेक्षा इथे जास्त होतात.

आकड्यांत मात्र मराठी माणूस फॉर्मात असतो. जपानी मोजणी दर चार शून्यांनी नाव बदलते: ‘मान’ म्हणजे १० हजार, ‘ओकु’ म्हणजे १० कोटी. मिलियनमध्ये विचार करणारा गडबडतो. आपण एवढंच लक्षात ठेवायचं की ‘जू-मान’ म्हणजे एक लाख, ‘ह्याकु-मान’ दहा लाख आणि ‘इस्सेन-मान’ बरोबर एक कोटी. लाख आणि कोटी हे दोन खांब पक्के झाले की मधलं आपोआप बसतं. तारखांसाठीही एक युक्ती: जपानी कागदावर ‘रेइवा ७’ असं दिसलं तर त्यात २०१८ मिळवा, २०२५ येतं.

आदरार्थी भाषेचं, म्हणजे ‘केइगो’चं, व्याकरण परीक्षेत येतं, पण चार पर्यायांतून निवडायचं. फोन उचलून ते तोंडातून काढणं ही निराळी गोष्ट. साहेबाने काम सांगितलं की ‘समजलं’ या अर्थी ‘ऱ्योकाइ शिमाशिता’ नव्हे, ‘शोची शिमाशिता’. दिवस संपल्यावर कष्टांची दखल घेत वरिष्ठांना ‘ओत्सुकारेसामा देशिता’. ‘गोकुरोसामा’ वरचा खालच्याला म्हणतो, उलट म्हटलं तर कुणी रागावत नाही, फक्त क्षणभर शांतता पसरते. ती शांतता ओळखता येणं ही पुढची पायरी.

ही उणीव भरून काढायला परीक्षेइतकाच नियमित असा दुसरा अभ्यास लागतो. एन४ झाल्यापासून रोज पंधरा मिनिटं: ध्वनिफितीतलं एक वाक्य ऐकायचं, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तसंच म्हणायचं, स्वत:चा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहायचा. पहिले तीन आठवडे लाज वाटते, तेवढं सोसावं. आठवड्यातून एकदा एखादा व्यवसायविषयक छोटा मजकूर घेऊन जपानीतून मराठीत आणि परत जपानीत तोंडी करायचा. ज्यांना कागदावरही हे सिद्ध करायचं आहे त्यांच्यासाठी बीजेटी, म्हणजे व्यावसायिक जपानीची परीक्षा आहे. ० ते ८०० गुण, पास-नापास नाही, संगणकावर. ४८० गुणांना व्हिसाच्या गणितात एन१इतकं आणि ४००ला एन२इतकं वजन आहे. बोलायला तीही लावत नाही, पण मीटिंग, ई-मेल आणि फोनवरचे संवाद तिच्यात भरपूर. भारतात तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. नॅट-टेस्ट ही जेएलपीटीच्या धर्तीची, वर्षातून सहा वेळा होणारी परीक्षा सरावापुरती चालेल. नोकरीच्या मुलाखतीत ‘जेएलपीटी नाही का?’ असा प्रश्न येतोच.

गूगलच्या जमान्यात अनुवादकाची गरज संपली, असं म्हणणारे एका बाबतीत बरोबर आहेत. एन३ पातळीवरचं साध्या ई-मेलचं भाषांतर आता यंत्र करतं आणि त्या कामाचे दर पडलेत. ‘मुझुकाशी’चा अर्थ ओळखून पुन्हा प्रश्न विचारणारा माणूस मात्र अजून खोलीत लागतो. जपानी शिकून पुढे काय, याचं उत्तर या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

अर्ज आणि परीक्षेचा दिवस

अर्ज भरताना नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. पासपोर्ट नसेल तर आधी काढा, पुढे दोन कागदांवर दोन नावं झाली की व्हिसाच्या वेळी निस्तरताना नाकी नऊ येतात. जागा मर्यादित असतात, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. हॉलमध्ये एचबी पेन्सिली दोन-तीन, खोडरबर आणि काट्याचं साधं घड्याळ. स्मार्टवॉच चालत नाही. फोन बंद करून बॅगेत. फुटबॉलसारखी पिवळ्या-लाल कार्डांची पद्धत आहे, आणि परीक्षा चालू असताना फोन वाजला तर थेट लाल, म्हणजे सगळा पेपर बाद. श्रवण सुरू झाल्यावर आत घेत नाहीत, तेव्हा मधल्या सुट्टीत लांब चहाला जाऊ नका.

प्रमाणपत्राला मुदत नसते. तरी काही कंपन्या आणि विद्यापीठं दोन वर्षांतलंच मागतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या एन२वर विसंबणाऱ्याने एकदा चौकशी करावी. जुलैच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या शेवटाकडे लागतो आणि डिसेंबरचे अर्ज साधारण त्याच सुमाराला सुरू असतात. निकाल बघून मग भरू म्हणणाऱ्याची जागा हुकते आणि त्याचं सहा महिन्यांचं गणित वर्षाचं होतं. काठावर असाल तर डिसेंबरचा अर्ज आधीच भरून मोकळे व्हा.